ऑर्ग-मोडचे कोड ब्लॉक आणि अनडू: आतापर्यंतचा शोध

ऑर्ग-मोड म्हणजे ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमधली टिपणं लिहिण्याची सोय; त्या टिपणांत कोडचे तुकडेही (कोड ब्लॉक) ठेवता येतात. ऑर्ग फाइलमधल्या अशा कोड ब्लॉकवर कंट्रोल-सी आणि एकेरी अवतरणचिन्ह दाबायचं, वेगळ्या बफरमध्ये (ईमॅक्समध्ये उघडलेला मजकूर ज्यात असतो त्यात) निवांत काम करायचं, परत यायचं. मग मूळ फाइलमध्ये एकदा अनडू दाबलं की सगळं काम एका फटक्यात मागे! हे का होतं, ते आता उलगडलंय.

ईमॅक्समध्ये अनडूचा इतिहास बफरचा असतो, फाइलचा नव्हे. प्रत्येक बफरची आपली वेगळी बफर-अनडू-लिस्ट, म्हणजे बदलांची यादी. संपादनाचा बफर बंद झाला की त्यातल्या बारीकसारीक पायऱ्याही गेल्या. मूळ फाइलच्या यादीत नोंद होते ती फक्त परत लिहिलेल्या मजकुराची, एकगठ्ठा. मधलं काही अनडूला ठाऊकच नसतं.

परत लिहिण्याची तऱ्हाही महत्त्वाची. ईमॅक्स २७.१ च्या आधी ऑर्ग अख्खा ब्लॉक पुसून नव्याने घालायचं. त्यानंतरच्या आवृत्त्यांत फरक शोधून तेवढाच भाग बदलला जातो, पण त्यासाठी मुदत ०.१ सेकंदाची. ती टळली की पुन्हा पुसून घालणं आलंच. लांबलचक ब्लॉक फोडून छोटे ठेवावेत असं मला वाटतं, त्याचं हे एक कारण.

सगळ्यात उपयोगी पडलेला उपाय अगदी साधा आहे: आतल्या बफरमध्येच कंट्रोल-एक्स कंट्रोल-एस. तिथे ते ऑर्गचं सेव्ह असतं. दर वेळी मजकूर मूळ फाइलमध्ये जातो आणि त्याआधी अनडूची सीमा पडते, म्हणजे एक अनडू जिथे थांबतो ती खूण. एक फंक्शन जमलं की सेव्ह, पुढचं जमलं की सेव्ह. मग बाहेर आल्यावरही टप्प्याटप्प्याने मागे जाता येतं. बारीक अनडू मात्र आत असतानाच उरकून घ्या.

स्वतःचं संपादन-फंक्शन लिहिणाऱ्यांसाठी: बफरच्या नावाची सुरुवात स्पेसने झाली तर ईमॅक्स त्यात अनडूची नोंदच ठेवत नाही. बफर-अनडू-लिस्टची किंमत टी (t, म्हणजे नोंद बंद) दिसली तर आधी नाव बघा.

एकाच फाइलमध्ये अनेक भाषा हाताळणाऱ्या पॉलीमोड या ईमॅक्सच्या पॅकेजचं गणित वेगळं. तिथले बफर इनडायरेक्ट, म्हणजे मजकूर एकच आणि अनडूची यादीही मूळ बफरशी सामायिक. त्यामुळे पायऱ्या हरवत नाहीत, पण अनडू दाबताना कर्सर दुसऱ्याच भाषेच्या तुकड्यात जाऊ शकतो.

आता टॅबच्या कळीकडे वळतोय. ब्लॉकमध्ये टॅब मूळ भाषेप्रमाणे चालू ठेवला की ऑर्ग पडद्याआड हाच संपादन-बफर उघडतं, म्हणून त्या वेळची अनडूची यादी तपासायची आहे.