कॉमन रूमची किल्ली

"मॅडम, कमिटी गेली की परत कुलूप लागणार का?"

मुलींच्या कॉमन रूमच्या दारात उभं राहून द्वितीय वर्षाच्या एका मुलीनं आज मला विचारलं. आत नवा आरसा, चार खुर्च्या, सॅनिटरी नॅपकिनचं मशीन. या खोलीची किल्ली दोन वर्षं ऑफिसातल्या खिळ्याला लटकत होती.

"नाही गं," म्हणाले मी. तिनं मान हलवली, पण ती माझं मन राखायला, हे कळलं मला.

कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅक या संस्थेची कमिटी, म्हणजे पीअर टीम, येतेय. ७ निकषांच्या फायली लावता लावता रात्रीचे नऊ वाजतात. ५ वर्षांचे अहवाल, फोटो, हजेरीपत्रकं. विद्यार्थी समाधान सर्वेक्षणही असतं, पण त्यातले प्रश्न मुख्यतः शिकवण्याबद्दलचे. ही मुलगी पहाटेच्या एसटीनं येते आणि जिन्यात बसून डबा खाते. ते कुठल्या फायलीत लावू?

मानांकन ५ वर्षांसाठी मिळतं. ती इथे ३ च वर्षं आहे, त्यातलं दीड गेलंसुद्धा.

संध्याकाळी प्राचार्यांना लेखी दिलंय, किल्ली यापुढे मुलींच्याच प्रतिनिधीकडे राहू द्या. उत्तराची वाट बघतेय.

तुमच्या कॉलेजात ही किल्ली कुणाकडे असते?