बसलेला ससा पाहायला: कळमेश्वरकडच्या वावरातले अडीच दिवस

माझ्यासोबत वावरात आलेले बाबाजी थांबले, हाताने मला मागे धरलं आणि हळूच म्हणाले, "तिकडं नोका पाहू जी. इकडं, धुऱ्याच्या बुडाशी. डोया दिसते का?"

मला दिसत होतं ते वाळलेलं कुसळीचं गवत, बोराटीचं एक झुडूप आणि त्याखाली मातीचं ढेकूळ. मिनिटभर पाहत राहिलो, तेव्हा त्या ढेकळाला डोळा फुटला. मोठा, तपकिरी, न मिटणारा. मग त्याच्या मागे पाठीला चिकटवलेले दोन कान उमगले, मग पाठीचा बाक. आमच्यापासून जेमतेम बारा पावलांवर ससा बसलेला होता आणि आम्ही आलो तेव्हापासून तो आम्हाला पाहत होता.

ससा पळताना सगळ्यांनीच पाहिलेला असतो. रात्री गाडीच्या दिव्यात आडवा जातो, वावरातून चालताना पायाखालून उसळतो आणि दिसेनासा होतो. पण दिवसभर तो कुठे असतो, कसा बसतो, बसल्या बसल्या काय करतो, हे मला पाहायचं होतं. संक्रांतीनंतरचे अडीच दिवस मी त्यासाठीच काढले. मामेभावाचं वावर कळमेश्वरच्या पुढे आहे. काटोल नाक्यावरून फेटरीमार्गे निघालं की नागपुरातून तासाभरात पोहोचता येतं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. फोटोसोबत नेमकी जागा जाहीर झाली की तिथे कॅमेरेवालेच येतात असं नाही, फासे लावणारेही येतात.

वावराच्या एका अंगाला तूर, दुसऱ्या अंगाला हरभरा, मधे रुंद धुरा, म्हणजे बांध, आणि पलीकडे पांदण, म्हणजे वावरांमधली गाडीवाट. पांदणीच्या पुढे झुडपी जंगल: हिवर, बोर, पळस, रायमुनिया आणि गुडघाभर गवत. आपल्या विदर्भातल्या या झुडपी जमिनींना पडीक म्हणून हिणवायची सवय आहे. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या वनच मानाव्यात असा निकाल दिला, तेव्हा अनेकांना आश्चर्य वाटलं. सशाला वाटलं नसतं. त्याला उंच साग नको असतो. रात्री चरायला मोकळी जागा आणि दिवसा दडायला गवत, दोन्ही हाकेच्या अंतरावर हवं, आणि ते त्याला अशा सीमेवरच मिळतं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. मराठीत शब्द एकच असल्याने आपला गोंधळ होतो. घरी पाळतात तो पांढरा ससा मूळचा युरोपातला, बीळ करून राहणारा. त्याची पिल्लं उघडी-नागडी, डोळे मिटलेली जन्मतात. आपला रानससा वेगळा प्राणी आहे. तो बीळ खणत नाही. त्याची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन थेट जमिनीवर जन्माला येतात. कुत्रं मागे लागलं तर एखादा ससा दुसऱ्या कुणाच्या बिळात शिरेलही, पण घर म्हणून त्याच्याकडे असते ती फक्त एक खळगी. दक्षिणेकडच्या रानसशाच्या मानेवर काळा डाग असतो, उत्तरेकडच्याची शेपटी वरून तांबूस असते, आणि या दोन प्रकारांतली ढोबळ सीमा गोदावरी मानतात. आम्ही पाहिलेल्या सशाच्या मानेवर काळं नव्हतं.

पहिल्या सकाळी माझ्याकडून चूक झाली. डोळा दिसल्यावर मला राहवलं नाही. मी कॅमेरा डोळ्याला लावून सरळ त्याच्याकडे दोन पावलं टाकली. ससा उसळला, आडव्या उड्या घेत हरभऱ्यातून निघाला आणि उघड्यावर येताच शेजारच्या वावरातली दोन कुत्री त्याच्या मागे लागली. तो पांदणीच्या काट्यात शिरला म्हणून वाचला. बाबाजी काही बोलले नाहीत. मी मात्र तो दिवस विसरणार नाही. न हलणं हाच सशाचा बचाव आहे. रंग मातीचा, आकार ढेकळाचा, श्वाससुद्धा जेमतेम. आपण त्याला उठवतो तेव्हा त्याच्याजवळचं हे एकमेव पांघरूण भर दिवसा, कुत्र्या-घारींच्या देखत, ओढून काढतो. म्हणून बसलेला ससा आपण निघून गेल्यावरही बसलेलाच राहिला पाहिजे. तो उठला, तर फोटो कितीही चांगला येवो, मी ती फेरी वाया गेली असं धरतो.

मग शोधायचं कसं? सशाला शोधत हिंडायचं नाही, त्याच्या खुणा वाचायच्या. पांदणीतल्या मऊ फुफाट्यात सकाळी ठसे ताजे असतात. लहान दोन पावलं एकामागे एक आणि त्यांच्या पुढे लांबट दोन पावलं जवळजवळ शेजारी. पुढची लांबट पावलं मागच्या पायांची असतात, हे लक्षात ठेवलं नाही तर दिशा उलटी वाचली जाते. तळव्यांना केस असल्याने कुत्र्यामांजराच्या ठशासारखी गादी उमटत नाही. चरायच्या जागी गोल, किंचित चपट्या, कोरड्या लेंड्या सापडतात. चुरडली तर आत नुसता गवताचा भुसा. कोवळा शेंडा सुरीने तिरका छाटल्यासारखा दिसला तर तो सशाचा दात. हरणाच्या किंवा गुराच्या तोंडाने शेंडा ओढून तुटल्यासारखा होतो. चरायची जागा कळली की तिथून शंभर-दीडशे पावलांतले धुरे, झुडपांची बुडं आणि गवताचे झुबके दुर्बिणीतून एकेक करून पाहायचे. आख्खा ससा शोधू नका, डोळा शोधा. गवतात गोल आणि चमकणारं दुसरं काही नसतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही साडेसहाला, सूर्य उगवायच्या आधी, पांदणीत येऊन बसलो. जानेवारीत इथे सूर्योदय सातला दहा-एक मिनिटं असताना होतो आणि थंडी चांगली बोचते. उजेड फुटता फुटता ससा झुडपीकडून आला. सरळ आला नाही. थोडा पुढे, मग आल्या वाटेने मागे, मग एक लांब उडी बाजूला. वासावर येणाऱ्या कोल्ह्याचा माग तोडायची ही त्याची जुनी रीत. मग तो कालच्याच धुऱ्यावर, पण दुसऱ्या झुबक्याखाली, पाठमोरा होऊन मागे सरकत सरकत बसला.

पंचवीस पावलांवर, तुरीच्या आडोशाला, मी गोणपाटावर बसून त्याला साडेचार तास पाहिलं. आधी त्याने पुढच्या पंजांनी तोंड पुसलं. एक कान पंजात धरून खाली ओढला, चाटला, मग दुसरा. मग कान पाठीवर टाकले आणि तो मातीचा झाला. फक्त नाकपुड्या हलत होत्या. कधी वेगाने, कधी थांबून थांबून. पुष्कळ वेळाने त्या जवळजवळ थांबल्या आणि पापणी अर्धी खाली आली. ससा उघड्या डोळ्यांनी झोपतो म्हणतात. मला दिसली ती अर्ध्या डोळ्याची झोप, एका वेळी दोन-तीन मिनिटांची. पलीकडे बैलगाडी गेली तेव्हा नाकपुड्या पुन्हा सुरू झाल्या, कान मात्र उठले नाहीत. घार वरून गेली तेव्हा तो आणखी खाली दबला, इतका की पाठ गवताच्या रेषेखाली गेली.

दहाच्या सुमारास त्याने मान वाकवून तोंड मागच्या पायांमध्ये घातलं, वर काढलं आणि बराच वेळ काहीतरी चघळत राहिला. असं तीन-चारदा झालं. हे पाहायला मी आलोच होतो. ससा रवंथ करत नाही, पण एकदा पोटातून गेलेलं पुन्हा खातो. दिवसा बसून असताना त्याला मऊ, ओलसर लेंड्या होतात. त्या जमिनीवर पडूही न देता तो तिथूनच उचलतो आणि त्यात उरलेलं पोषण दुसऱ्या फेरीत काढून घेतो. सुकं गवत खाऊन जगायचं तर हे लागतंच. वावरात सापडणाऱ्या कोरड्या लेंड्या वेगळ्या. म्हणजे ससा दिवसभर नुसता दडून बसतो हे खरं नाही. त्याच्या जेवणाचा एक भाग त्याच खळगीत होत असतो, आणि आपण त्याला दुपारी उठवतो तेव्हा ताटावरून उठवतो.

संध्याकाळी, सहा वाजून गेल्यावर, तो स्वतःहून उठला. आळस दिला, मागचा एकेक पाय ताणला आणि हरभऱ्याकडे गेला. तो लांब गेल्यावर मी खळगीपाशी गेलो. वीतभर रुंद, दीड वीत लांब. पुढे उथळ आणि मागे, जिथे बूड टेकतं तिथे, चार बोटं खोल. माती तासलेली आणि दाबून गुळगुळीत झालेली. वरून गवत असं वाकलेलं की वरच्याला छप्पर आणि समोरच्याला दार. कडेला दोन-चार राखी केस. हाताची पाठ मातीच्या वर धरली तर ऊब जाणवत होती. हात लावला नाही. माणसाचा वास तिथे कशाला सोडायचा?

आता जाणाऱ्यांसाठी. जानेवारी ते मार्च उत्तम. पावसाळ्यात गवतात काहीच दिसत नाही आणि मे महिन्यात तुम्हीच टिकत नाही. सूर्योदयाआधी जागेवर असा. मळकट रंगाचे कपडे घाला, सरसर वाजणारं जॅकेट नको. सशाच्या रोखाने कधीच चालू नका. तिरकं, जणू दुसरीकडेच निघालोय असं, आणि त्याच्या डोळ्यात डोळा न घालता जा. कान पाठीवरून सुटून वर आले तर तिथेच थांबा. अंग आखडलं, पुढचे पंजे नीट रोवले गेले, तर मागे या. तो तुम्हाला निरोपच देतोय.

कॅमेऱ्याला ४०० मिलिमीटरपर्यंतची लेन्स पुरते. तिपाईपेक्षा ज्वारी भरलेली कापडी पिशवी बरी. ती जमिनीवर ठेवून लेन्स टेकवली की फोटो सशाच्या डोळ्याच्या उंचीवरून येतो, आणि तिथेच सगळा फरक पडतो. उभ्याने काढलेला ससा ढेकूळच दिसतो. ससा हलत नसल्याने शटर १/१२५ वर आणलं तरी चालतं, आयएसओ उगाच वाढवायला नको. ऑटोफोकस समोरच्या काडीवर अडकतो, तेव्हा एकच बिंदू निवडून डोळ्यावर धरा, नाहीतर सरळ हाताने फोकस करा. शटर मूक ठेवा. फ्लॅश नको. आणि समोरचं गवत बाजूला करायला कधीही जाऊ नका. तेच त्याचं दार आहे. काडी आडवी आलेला फोटो खरा फोटो.

रात्री टॉर्च घेऊन वावरात शिरू नका. एक तर गावकरी तुम्हाला शिकारी समजतील आणि त्यात त्यांची चूक नसेल. सशाची शिकार वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा असूनही ती दिव्याच्याच उजेडात होते. दुसरं, रानडुकरांसाठी काही ठिकाणी कुंपणाला चोरून थेट वीज सोडलेली असते. दरवर्षी त्यात माणसं जातात. शेतमालकाला विचारल्याशिवाय, अंधारात, कुठलीही तार ओलांडू नका. परतताना ससा गाडीपुढे धावू लागला तर तो दिव्याच्या पट्ट्यातून बाहेर पडू शकत नाही. गाडी थांबवा, दिवे मंद करा, तो बाजूला होतो.

वावराची ओळख नसेल तर उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे. गवताळ भागात पहाटे ससे दिसतात. पण जिप्सीत सगळ्यांना वाघच हवा असतो, म्हणून निघण्याआधीच चालक आणि गाइडला सांगून ठेवा की सशासाठी थांबायचं आहे.

आणि पिल्लू एकटं दिसलं तर उचलू नका. कापणीत ते सापडतं आणि लोक कळवळून घरी आणतात. आई ते टाकून गेलेली नसते. तिच्या वासावर कुणी पिल्लापर्यंत पोहोचू नये म्हणून ती दूर बसते आणि अंधार पडल्यावर थोडा वेळ पाजून जाते. तसंच झाकून ठेवा आणि त्या तुकड्यातून दूर व्हा.

तिसऱ्या सकाळी तूर कापायची होती. बाया आठला येणार होत्या आणि ससा नेमका तुरीच्या कडेलाच बसला होता. मी भावाला विचारलं, तर तो म्हणाला, कापणी काही थांबणार नाही. पण बाबाजींनी सुरुवात गावाकडच्या टोकाने करायला लावली, म्हणजे झुडपीकडची बाजू शेवटपर्यंत मोकळी राहील. शेजाऱ्याची कुत्री त्यांनी स्वतः जाऊन बांधायला लावली. धुऱ्यालगतची दोन तासं, म्हणजे तुरीच्या ओळी, शेवटी घ्यायची ठरली.

साडेदहाला बाया वीसेक पावलांवर आल्या. सशाचे कान वर आले. तो उठला, दोन उड्या टाकून थांबला, मागे पाहिलं आणि पांदण ओलांडून रायमुनियात गेला. धावला नाही. एका बाईने विळा थांबवून तिकडे पाहिलं, "बापा, केवढा होता," म्हणाली आणि पुन्हा कापायला वाकली.