तळहात गरम लागेपर्यंत

कॉर्डोटॉमीत, म्हणजे असह्य दुखणं थांबवायला मज्जारज्जूतले वेदनेचे तंतू सुईने जाळतात तेव्हा, रुग्णाला पूर्ण भूल देत नाहीत. मज्जारज्जू सीटीवर दिसतो, पण त्यात कुठल्या अवयवाची वेदना कुठून जाते ते रुग्णानेच सांगावं लागतं. हे लेखी कळवूनही वॉर्डाने आमच्या रुग्णाला, काकांना, झोपेचं इंजेक्शन देऊन पाठवलं. ते नीट बोलू लागेपर्यंत पाऊण तास गेला. इतका हलगर्जीपणा अक्षम्य आहे.

उजव्या फुप्फुसाचा कर्करोग बरगड्यांत शिरलेला. छाती, हात, खांदा सगळं ठणकत होतं. वेदनेचे तंतू मज्जारज्जूत आल्यावर बाजू बदलतात, म्हणून सुई डावीकडून, मानेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यांमधून. मज्जारज्जूला बाजूने धरून ठेवणाऱ्या पडद्याच्या, डेंटेट लिगामेंटच्या, पुढे राहायचं. मागे हातपाय हलवणारे तंतू असतात. मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, २०० ओहम होता, टोक आत रुतताच ८०० झाला. टोक कुठल्या तंतूंत आहे ते कळायला १०० हर्ट्झचा प्रवाह सोडला.

"काका, काय वाटतंय?"

"उजव्या पायाला ऊन लागल्यागत."

म्हणजे सुई फार मागे होती. मज्जारज्जूत वर जाताना वेदनेचे नवे तंतू आतल्या बाजूने जोडले जातात. त्यामुळे पायाचे मागे-बाहेर सरकतात, हाताचे पुढे-आत राहतात. रुतलेली सुई आतल्या आत वळवली तर मज्जारज्जू फाटू शकतो. ती द्रवात मागे घेतली आणि मिलिमीटरभर पुढे पुन्हा रोवली.

"आता तळहात गरम."

२ हर्ट्झवर मानेचा डावा स्नायू तेवढा उडाला, डावा हात-पाय स्थिर, म्हणजे हालचालीचे तंतू दूर होते. मग टोक तापवलं: ८० अंश, ६० सेकंद. तेवढा वेळ त्यांना डावा पाय उचलून धरायला लावला. तो ढळला असता तर त्याच क्षणी बंद केलं असतं.

उजवीकडे छातीपासून पायापर्यंत टाचणी बोथट लागू लागली. कापसाचा स्पर्श मात्र कळत होता. स्पिलर आणि मार्टिन या डॉक्टरांनी १९१२ मध्ये पहिली कॉर्डोटॉमी प्रसिद्ध केली; वेदना आणि स्पर्श यांची ही फारकत दर वेळी तितकीच थक्क करते.

खांद्यावरचा तळव्याएवढा भाग मात्र दुखतच राहिला. मानेतून येणारे तंतू दोन-तीन मणके तिरके चढून मग बाजू बदलतात; काही आमच्या सुईच्या पातळीपर्यंत पलीकडे पोचलेलेच नसतात. अजून थोडं पुढे जाळता आलं असतं. पण तिथेच झोपेत श्वास चालवणारे तंतू खाली उतरतात, आणि ते बाजू बदलत नाहीत. ते दुखावले असते तर काकांचं चांगलं, डावं फुप्फुस रात्री मंदावलं असतं.

मी सुई काढली. रात्रभर ऑक्सिमीटर लावून ठेवला, मॉर्फिन टप्प्याटप्प्याने उतरवलं. सकाळी काकांनी पहिल्यांदा खांद्यावरच बोट ठेवलं.