एकच टॅग चार वेळा सांगावा लागला

आमच्या रॅकमध्ये २२ नवे सर्व्हर लागले आणि त्यांच्यावर रॉकी लिनक्स ९ चढवायचं काम माझ्याकडे आलं. पीएक्सई (नेटवर्कवरून बूट करायची पद्धत) आणि किकस्टार्ट (इन्स्टॉलची उत्तरं आधीच लिहून ठेवलेली फाइल) वापरून नेटवर्कवरूनच इन्स्टॉल करायचं ठरलं. पण स्विचचा प्रत्येक पोर्ट ट्रंक होता, म्हणजे एकाच तारेवर अनेक व्हीलॅन (आभासी नेटवर्क); कुठली फ्रेम कुठल्या व्हीलॅनची, ते तिच्यावरचा क्रमांकाचा टॅग सांगतो. अनटॅग्ड, म्हणजे बिनटॅगचं, ट्रॅफिक पूर्ण बंद. नेटवर्क टीमला म्हटलं, "इन्स्टॉलपुरतं व्हीलॅन १२० अनटॅग्ड करून द्या ना." ते म्हणाले, "नाही जमणार. डबल टॅगिंगचा, म्हणजे दोन टॅग लावून दुसऱ्याच व्हीलॅनमध्ये शिरण्याचा, धोका नको म्हणूनच नेटिव्ह (अनटॅग्ड ट्रॅफिकचा) व्हीलॅन काढलाय." मला ते पटलं.

सर्व्हरच्या यूईएफआय (मशीनचं फर्मवेअर) सेटिंगमध्ये, नेटवर्क कार्डाखाली, व्हीलॅन आयडीचा रकाना सापडला. त्यात १२० भरल्यावर लगेच आयपी मिळाला, टीएफटीपीवरून (फाइल उतरवायची साधी पद्धत) आयपीएक्सई, म्हणजे पुढचं बूट सांभाळणारा छोटा प्रोग्रॅम, तोसुद्धा उतरला. मग आयपीएक्सईने आपलं डीएचसीपी (आयपी मागणं) सुरू केलं आणि तिथेच अडकलं. डीएचसीपी सर्व्हरच्या लॉगमध्ये दुसरी विनंती आलेलीच नव्हती.

दोन दिवस मी डीएचसीपीची कॉन्फिग फाइल धुंडाळली. शेवटी स्विचवर पोर्ट मिरर करून घेतला (त्याच्या ट्रॅफिकची प्रत दुसरीकडे) आणि टीसीपीडंप (पॅकेट दाखवणारं टूल) लावला. पहिल्या डिस्कव्हर (डीएचसीपीची सुरुवातीची विनंती) पॅकेटमध्ये मॅक ॲड्रेसच्या पुढे ८१०० (टॅगची खूण) आणि मग १२० स्पष्ट दिसत होतं. त्याच मॅकवरून निघालेल्या दुसऱ्या पॅकेटमध्ये ते चार बाइट नव्हतेच. स्विच ती फ्रेम दारातच टाकून देत होता. कार्डाला सांगितलेला टॅग आयपीएक्सईपर्यंत पोचलाच नव्हता! दोन दिवसांत पहिल्यांदा मला हायसं वाटलं.

आयपीएक्सई पुन्हा बिल्ड केलं आणि आतच स्क्रिप्ट घातली: व्हीक्रिएट कमांडने १२० चा इंटरफेस बनव, त्याच्यावरच डीएचसीपी कर. कर्नल उतरला, सुरू झाला, आणि ड्रॅकटच्या (लिनक्सच्या बूटचा सुरुवातीचा टप्पा) इमर्जन्सी शेलमध्ये जाऊन थांबला. किकस्टार्ट फाइल मिळाली नव्हती. आता काय झालंय हे डंप न बघताच कळलं: टॅग कर्नललाही ठाऊक नव्हता. कर्नलच्या ओळीत व्हीलॅन पॅरामीटर दिला. कार्डांची नावं सगळ्या मशीनवर सारखी नव्हती, म्हणून आयपीएक्सईला ठाऊक असलेला मॅक त्याच ओळीत पुढे पाठवला, त्या कार्डाला 'बूट०' नाव दिलं आणि व्हीलॅन त्याच्यावर बांधला. २२ मशीनना एकच स्क्रिप्ट! हा तुकडा मला अजूनही फार आवडतो.

इन्स्टॉल पूर्ण झालं, मशीन रीबूट झालं आणि पिंगला उत्तर नाही. किकस्टार्टच्या नेटवर्कच्या ओळीत व्हीलॅन आयडी लिहायचा राहिला होता, त्यामुळे बसलेली सिस्टीम पुन्हा अनटॅग्ड डीएचसीपी मागत होती. ती ओळ दुरुस्त करून तेच मशीन पहिल्यापासून लावलं. या वेळी एसएसएच लागलं.

यूईएफआयमधला रकाना मात्र बाकीच्या २१ मशीनवर रिमोट कन्सोलमधून हातानेच भरला. मग सगळी एकदम सुरू केली आणि वेब सर्व्हरचा लॉग उघडून बसलो. किकस्टार्ट फाइलची मागणी एकामागून एक येत गेली; मी मोजत होतो, एकविसावीही आली.