लाजरा जिराफ कसा काढायचा?

'प्राण्याला माणसाचा स्वभाव द्या' एवढंच सांगून मुलांना कागद दिले, की हमखास एकच चित्र हाती येतं. माणसाचं शरीर, वर वाघाचं तोंड आणि डोळ्यांवर चष्मा. चष्मा पुसला तर तो वाघ भित्रा आहे की भांडखोर, काहीच कळत नाही. म्हणून ८ ते ११ वर्षांच्या मुलांसोबत हा प्रकल्प घेताना माझा एक नियम पक्का असतो: शेवटच्या तासापर्यंत कपडे, टोपी, चष्मा काहीही काढायचं नाही. स्वभाव आधी प्राण्याच्या अंगात उतरला पाहिजे.

५० मिनिटांचे ४ तास लागतात. दोन तासांत उरकायला गेलं, तर कात्री निरीक्षणालाच लागते आणि चित्र तिथेच बिघडतं. कच्च्या कामाला प्रत्येकी पाच-सहा पाठकोरे कागद, पक्क्या चित्राला ए३ आकाराचा १५० जीएसएमचा, म्हणजे जाडसर, कार्ट्रिज कागद, २बी पेन्सिल आणि मऊ खोडरबर पुरतं. एचबी पेन्सिल त्याहून कडक, ती टाळावी. मुलं ती दाबून चालवतात, रेघ खोडली तरी कागदावर चर राहतो आणि रंगवल्यावर तो पांढरा उमटतो.

पहिल्या तासाला स्वभावाचा विषयच नाही. प्रत्येकाला एक प्राणी आणि त्याचे तीन फोटो: समोरून, बाजूने आणि चालताना. जसा आहे तसा काढायचा. सगळ्यात जास्त घोळ पायांशी होतो. कुत्र्याचा मागचा गुडघा उलटा वाकतो, असं बहुतेकांना वाटतं. तो गुडघा नाहीच, ती टाच असते. कुत्री-मांजरं बोटांवर चालतात, घोडे तर बोटांच्या टोकावर, म्हणजे खुरावर. मुलांना चवड्यांवर उभं करते, टाचा उचलायला आणि गुडघे किंचित वाकवायला सांगते. कुत्र्याचा पाय त्यांना स्वतःच्या पायात सापडतो, मग चुकत नाही. अस्वल आपल्यासारखा मागचा अख्खा तळवा टेकवतं, त्यामुळे दोन पायांवर उभं करायला ते सगळ्यात सोपं. ज्याचा हात अजून बसलेला नाही, त्याला मी अस्वल देते.

अकरा वर्षांच्या मुलांना हे काम बाळबोध वाटू शकतं. त्यांना मी जर्मनीतल्या एका गुहेत १९३९ साली तुकड्यांच्या रूपात सापडलेल्या सिंहमानवाचं छायाचित्र दाखवते. मॅमथच्या सुळ्यातून कोरलेली, साधारण ३१ सेंटिमीटर उंचीची ही मूर्ती सुमारे ४०,००० वर्षांपूर्वीची मानली जाते. डोकं सिंहाचं, उभं राहणं माणसाचं. त्यानंतर तक्रार येत नाही.

दुसऱ्या तासाला स्वभावाच्या चिठ्ठ्या. मुलांना निवडू दिलं तर कोल्हा लबाड, ससा भित्रा आणि सिंह राजा होतो, कारण ते आयतं मिळतं. चिठ्ठीतून उतावळं कासव येतं, बढाईखोर उंदीर येतो, आणि मुलाला विचार करावाच लागतो. चिठ्ठीवर 'चांगला' किंवा 'वाईट' लिहू नये, ते काढता येत नाही. 'हुशार'सुद्धा मी काढून टाकलं आहे, त्यातूनच चष्मे उगवतात. त्याऐवजी 'चौकस' लिहिते. चौकस प्राणी मान पुढे काढतो, कान टवकारतो.

मग प्रसंग द्यायचा: दारात उभे आहात, आत दहा अनोळखी माणसं आहेत, लाजरा माणूस काय करेल? एक मूल तसं उभं राहतं आणि जोडीदार त्याच्या पाठीच्या कण्याची फक्त एक रेघ काढतो. ती रेघ म्हणजे चित्राचा गाभा. तिच्यावर प्राणी चढवायचा. अशी सहा चित्रं, प्रत्येक काडेपेटीएवढं, प्रत्येकी एक मिनिट. एवढ्याशा जागेत डोळे-नाक मावत नाहीत, त्यामुळे मूल आपोआप फक्त ढबच काढतं.

लाजऱ्या जिराफाचंच घ्या. मुलं त्याची मान दोरीसारखी गुंडाळून टाकतात. जिराफाच्या मानेत आपल्यासारखेच ७ मणके असतात, फक्त एकेक वीतभर किंवा त्याहून लांब. त्यामुळे मान हळूहळू वळते, तिला पीळ बसत नाही. लाज दाखवायची तर मान पुढे उतरवा, कान आडवे पाडा, पुढचे गुडघे आत वळवा आणि डोकं दाराच्या चौकटीमागे अर्धं लपवा. उंची लपत नाही आणि तो लपवायला बघतो, यातच सगळा जिराफ येतो.

तिसरा तास चेहऱ्याचा. बऱ्याच प्राण्यांच्या डोळ्यातलं पांढरं सहसा दिसत नाही, म्हणून ते कुठे बघतायत ते चटकन कळत नाही. चित्रात थोडं पांढरं दाखवून बुबुळ सरकवलं की नजर बोलू लागते. भुवयांच्या दोन रेघा त्याहून जास्त काम करतात. चोचीवर हसरी रेघ काढू नये, चोच रबरी दिसते. त्यापेक्षा चोच जरा उघडावी, खालची पापणी वर ढकलावी, डोकं कलतं करावं. कान आणि शेपटी प्राण्याच्या स्वभावाप्रमाणेच ठेवावी. घोडा रागावला की कान मागे चिकटवतो आणि मांजर वैतागलं की शेपटी झटकतं. आनंदी घोड्याचे कान मागे पाडले, तर कितीही हसवला तरी तो खटकतो. शेपटी पाठीच्या मध्यावर चिकटवणं ही नेहमीची चूक. कणा जिथे संपतो तिथूनच ती निघते.

चौथ्या तासाला ए३ कागद आणि वस्तू, पण एकच. उतावळ्या कासवाची एक चप्पल मागे राहिलेली चालेल, टोपी-छत्री-पिशवी तिन्ही नकोत. रंगाला ऑइल पेस्टल घेतलं तर फिकट रंग आधी, गडद नंतर, नाहीतर पिवळ्यात काळा ओढला जाऊन मळकं होतं. उजव्या हाताने काढणाऱ्याने डावीकडून सुरुवात करावी आणि हाताखाली कोरा कागद ठेवावा, नाहीतर बाही चित्रावरून फिरते. जलरंगाखाली साधं स्केचपेन वापरू नये, ते पसरतं. जलरोधक पेनाने रेघ मारून ती पूर्ण सुकू द्यावी.

रंगाआधी एक परीक्षा मात्र चुकवू नये. चित्रातला चेहरा हाताने झाकून शेजारच्याला स्वभाव विचारायचा. ओळखला तर रंगवायला घ्यायचं. नाही ओळखला तर ए३वर खोडत बसायचं नाही, काडेपेटीएवढ्या चित्रांकडे परत जायचं. मांडतानाही चित्राखाली फक्त प्राण्याचं नाव लिहिते. स्वभावाची जागा रिकामी ठेवून खाली पेन्सिल बांधते, बघणाऱ्याने काय ओळखलं आणि कशावरून, ते तिथेच लिहायचं.