लिलावाची वही

शाळूची काढणी उरकली, कडब्याची गंज रचून झाली की आमच्याकडे कापणीच्या सणाची बोलणी सुरू व्हायची. नाताळ काय, सगळ्या जगाचाच. ईस्टरला पहाटे अंधारात उठावं लागतं. पण कापणीच्या सणाला लिलाव असतो, आणि त्या लिलावापायी आमच्या मंडळीतली पोरं आठ दिवस आधीपासून झोपेत बोली लावायची.

राहुरी तालुक्यातलं खेडं. ख्रिस्ती घरं तीसेक. मंडळी म्हणजे चर्चची सभासद माणसं. इमारतीला म्हातारे लोक देऊळच म्हणत. दगडी भिंती, वर पत्रे, मागच्या बाजूला चार बाकं आणि बाकीच्यांना सतरंज्या. अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 साली नगरला सुरू झालं आणि पुढे आसपासच्या खेड्यापाड्यांत शाळा निघाल्या. आमचं देऊळही आधी तसलीच एक शाळा होतं. भिंतीत फळ्याची खुंटी अजून आहे. तिला आता घड्याळ टांगलेलं असतं आणि ते नेहमी दहा मिनिटं मागे असतं. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, ते मुद्दाम तसं ठेवतात असा आमचा लहानपणी संशय होता.

सणाच्या आदल्या दिवशी दाराला दोन्ही बाजूंनी ऊस बांधायचा. वेदीपुढे कणसांची पेंढी, लाल भोपळे, भुईमुगाच्या शेंगांच्या पाट्या, मेथीच्या जुड्या, ताकाची गाडगी, कुणाचं तूप, कुणाचा चिवडा. कोंबड्यांचे पाय बांधून त्यांना खिडकीखाली ठेवायचे, आणि प्रवचन रंगात आलं की नेमका त्यातला एखादा कोंबडा आरवायचा. कोंबडा आरवण्याआधी येशूला नाकारणाऱ्या पेत्राची आठवण काढून मागे कुणीतरी खुसखुसायचं. एका वर्षी करडू आलं होतं. त्याने उपासनेच्या वेळी वेदीवरची मेथी खाल्ली. ती जुडी तरीही लिलावात निघाली. दीड रुपयाला गेली.

लिलावाची रीत बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. उपासना संपली की सगळे पटांगणात कडुनिंबाखाली. पुकारणारा बाजेवर उभा राहून एक अंडं हातात धरणार. "आठ आणे!" कुणीतरी म्हणणार, रुपया. दोन. पाच. एक बार, दोन बार, तीन बार. ज्याने घेतलं तो अंडं हातात घेऊन बघणार, आणि परत पुकारणाऱ्याच्याच हाती देणार: "हे देवाला." की पुन्हा त्याच अंड्याचा लिलाव. एकच अंडं सातआठ वेळा विकलं गेलेलं मी पाहिलंय. शेवटी ते कुणाच्या तरी हातात फुटायचं आणि त्याचेही पैसे वहीत लागायचे.

वही महत्त्वाची. रोख कुणाकडेच नसायची. शाळू विकला नाही, उसाचं बिल यायचंय, त्यामुळे बोली सगळी उधारीवर. वही असायची खजिनदार गुरुजींकडे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, धोतर, टोपी, खिशाला दोन पेनं. एक निळं, एक लाल. येणं राहिलं की लाल.

लिलावानंतर प्रीतिभोजन. मोठ्या पातेल्यात मटणाचा रस्सा, भाकरी, आणि सणाचा म्हणून भात. त्या पंगतीबद्दल आजी एक गोष्ट सांगायची आणि ती सांगताना आवाज खाली करायची. तिच्या लहानपणी पंगती दोन बसायच्या. महारवाड्यातून ख्रिस्ती झालेले एकीकडे, मांगवाड्यातले दुसरीकडे. बाप्तिस्मा एकाच हौदातला, प्रभुभोजनाचा प्याला एकच, आणि भाकरीला मात्र दोन पंगती. मग एका सणाला कुठल्याशा पाळकीणबाईंनी वाढायलाच नकार दिला. पातेल्यावर झाकण ठेवलं, वर स्वतः बसल्या आणि म्हणाल्या, पंगत एक होईल तेव्हा उठेन. आजी म्हणायची, "दुपार टळली, पोरं रडाया लागली, तवा कुठं माणसं सरकली." प्रवचनाने जे झालं नाही ते भुकेने झालं. त्या बाईंचं नाव आजीलाही आठवत नव्हतं, याचं मला वाईट वाटतं.

सणाच्या आदल्या रात्री कीर्तन. नगरकडच्या ख्रिस्ती माणसाला कीर्तन परकं नाही, एकोणिसाव्या शतकापासून आमच्याकडे ते आहे. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, पुढे ते काही काळ आमच्या राहुरीतही राहिले. त्यांचे अभंग आमच्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ. टाळ-मृदंग, पेटी, कीर्तनकाराच्या खांद्यावर उपरणं, आणि आख्यान मात्र येशूच्या दाखल्याचं. पोरांना त्यातला पूर्वरंग, म्हणजे आधीचं निरूपण, कळायचा नाही. उत्तररंग, म्हणजे गोष्ट, सुरू झाला की आम्ही जागे.

आता गोधडीचं सांगायला हवं.

1983 च्या सणाला आजीने एक गोधडी शिवून दिली होती. तिच्या दोन जुन्या नऊवारी लुगड्यांची, मधे अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, लहानपणच्या सदऱ्याचा चौकोन. गोधडी निघाली तेव्हा अण्णा सहज म्हणाले, वीस. समोरून चुलत्यांनी पंचवीस केले. त्या दोघांचं बांधावरून बिनसलेलं होतं, सगळ्या गावाला माहीत. तीस, चाळीस, एकावन्न. बायका तोंडाला पदर लावून बघायला लागल्या. आई मागून अण्णांचा सदरा ओढत होती. 101 ला तीन बार झालं. 101 रुपये तेव्हा आमच्याकडे कुठून असणार? पण अण्णा गोधडी खांद्यावर टाकून असे चालले की जणू लग्नाची शाल पांघरली. वहीत लागले 101. त्या पावसाळ्यात बैल बसला तो उठलाच नाही, आणि सगळा पैसा नव्या बैलात गेला.

पुढच्या सणाला लिलावाआधी मागच्या वर्षीच्या बाक्या वाचून दाखवल्या. ती जुनीच पद्धत होती. गुरुजी बाजेवर उभे राहिले, चष्मा लावला आणि वाचलं. अण्णांचं नाव, वडिलांच्या नावासकट, आणि एकशे एक. चुलते जमिनीकडे बघत हसले, किंवा अण्णांना ते हसल्यासारखे वाटले. अण्णा उठले, मला दंडाला धरलं आणि जेवण न करता आम्ही घरी आलो. रश्शाचा वास पार वेशीपर्यंत येत होता. मी सहावीत होतो. मला अपमान वगैरे कळला नाही, मटण गेलं एवढं कळलं.

मग दोन वर्षं अण्णा चर्चला गेले नाहीत. आईही नाही. आजी मात्र दर रविवारी एकटी जायची, पदराखाली अंड्यांची दुरडी. घरात रात्री प्रार्थना व्हायची. "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." ही ओळ लिलावाच्या उधारीबद्दलच आहे अशी माझी पक्की समजूत होती. एकदा आजीला विचारलं, मग गुरुजींनी आपलं ऋण सोडायचं की आपण गुरुजींचं? आजी म्हणाली, "गप झोप."

पाळकसाहेब दोनदा घरी येऊन गेले. सलाम झाला, चहा झाला, पाऊसपाण्याचं झालं. अण्णा म्हणाले, बघू. पाळकसाहेब तसे भले होते, पण ते क्षमा हा शब्द वापरायचे आणि आमच्याकडे तो शब्द फक्त प्रार्थनेतला. रोजच्या जगण्यात कुणी कुणाला क्षमा करत नाही. फार तर "जाऊ दे" म्हणतात, आणि तेही चारसहा महिने कुढून झाल्यावर.

1985 च्या कीर्तनाला अण्णा गेले नाहीत, पण घरातही नव्हते. मला पाण्याच्या टाकीपलीकडे अंधारात त्यांच्या विडीचं टोक दिसलं. आख्यान होतं उधळ्या पुत्राचं. धाकटा परत आला, बापाने धावत जाऊन गळ्यात पडून मुके घेतले, वासरू कापलं, इथवर टाळ जोरात. मग कीर्तनकाराने टाळ थांबवले. थोरला शेतातून आला, त्याला वाद्यांचा आणि नाचण्याचा आवाज ऐकू आला, आणि तो आत जाईना. "बाप बाहेर आला हो त्याला समजवायला. मग थोरला आत गेला का? शास्त्र सांगत नाही." एवढंच बोलून त्याने आरतीलाच हात घातला. मी टाकीकडे बघितलं. विडी विझलेली होती.

दुसऱ्या दिवशी अण्णा तरीही गेले नाहीत. आजीने त्या दिवशी जे केलं ते गावात अजून सांगतात. पाळकसाहेबांनी मत्तयाच्या पाचव्या अध्यायातला भाग घेतला होता. वेदीजवळ दान आणलंस आणि आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. आजी म्हातारी, अक्षरओळख नसलेली, शब्दाला धरून चालणारी. तिने दुरडी वेदीपुढे ठेवली आणि भर प्रवचनात उठून चालायला लागली. लोकांना वाटलं चक्कर आली. ती सरळ घरी आली, उंबऱ्यावर बसली आणि अण्णांना म्हणाली, "माझी अंडी तिथं राहिल्यात. तू आल्याबिगर मी परत जाणार न्हाई." अण्णा गेले नाहीत. आजीही गेली नाही. अंडी तिच्यामागे लिलावात निघाली, दुरडीसकट. दुरडी आमची नेहमीची होती. ती गेल्याचा राग आईने महिनाभर काढला.

मला वाटायचं, पुढे कुणीतरी रडेल, कुणी पाया पडेल. तसं काही झालं नाही. 1986 च्या सणाच्या आदल्या रात्री दारात पेट्रोमॅक्सचा उजेड आला आणि मागे गुरुजी. अण्णा त्यांचेच विद्यार्थी, म्हणून उभे राहिले. गुरुजी बसले नाहीत. म्हणाले, "पुकारणाऱ्याचा घसा बसलाय. मंडळीत तुझ्याएवढा आवाज कुणाचा नाही. उद्या लवकर ये, बाज तेवढी घरून आण. चर्चची मोडलीय." थकबाकीचा विषय नाही, जुनी गोष्ट नाही. अण्णांनी आत बघून सांगितलं, चहा टाक. गुरुजी म्हणाले, साखर कमी. बस.

सकाळी अण्णांनी बाज डोक्यावर घेतली. आजीने नवी दुरडी घेतली.

त्या लिलावातली एक गोष्ट मला सगळ्यांत स्पष्ट दिसते. ऊसतोडीला आलेल्या बीडकडच्या टोळ्या गावाबाहेर कोपी घालून राहायच्या. सणाला त्यांची पोरं कुंपणापाशी येऊन उभी राहत, कुणी आत बोलवलं नाही तर तिथूनच बघत. त्या दिवशी अण्णांनी पहिलंच अंडं वर धरलं, आठ आणे म्हणाले, आणि कुंपणापलीकडून एक बारीक आवाज आला, "बारा आणे!" नऊदहा वर्षांचा पोरगा, उघडा, अंगाला उसाच्या पाचटाचे ओरखडे. सगळे वळून बघायला लागले. आमच्यातला एकजण हात वर करणार, तेवढ्यात अण्णांनी एकबारदोनबारतीनबार असं एका दमात म्हणून टाकलं. इतका झटपट लिलाव त्याआधी झाला नव्हता. पोरगा आत आला, कमरेच्या कडदोऱ्यातून पैसे सोडून मोजून दिले. सबंध लिलावात तेवढेच रोख. अंडं त्याने देवाला परत दिलं नाही, दोन्ही हातांत धरून घरी नेलं. जेवायला मात्र भावंडांना घेऊन आला. पुढच्या वर्षीपासून गुरुजी आदल्या दिवशी स्वतः कोप्यांवर आमंत्रण द्यायला जायला लागले.

जेवणं झाल्यावर अण्णांनी 101 रुपये गुरुजींच्या हातात ठेवले. गुरुजींनी एक पैसा सोडला नाही. दोनदा मोजले, निळ्या पेनाने जमा केले, पावती दिली. फक्त त्यानंतर बाक्या वाचून दाखवायची पद्धत बंद झाली. ठराव वगैरे झाला नाही. त्या वर्षी वाचल्या नाहीत, मग कधीच नाही.

गुरुजी गेले. चुलतेही गेले, त्यांच्या शेवटच्या दुखण्यात अण्णा रात्री त्यांच्या उशाशी बसायचे आणि दोघं बांधावरून भांडायचे. मी आता नगरला असतो, पण खजिनदारी माझ्याकडे आली आहे. म्हणजे सणाला जायचं, बोली टिपायची आणि मग लोकांच्या फोनवर आठवण पाठवायची. गेल्या वर्षी कपाट आवरताना जुन्या वह्या निघाल्या. 1983 सालची यादी उघडली. लाल पेनाने अकरा नावं. अण्णांचं पाचवं. पहिलं नाव गुरुजींचं स्वतःचं, बाकी एकवीस रुपये.

मी ती वही घेऊन थोरल्या आत्याकडे गेलो. तिची स्मरणशक्ती अजून चोख आहे. विचारलं, त्या दिवशी गुरुजींनी स्वतःचं नाव वाचलं होतं का?

"वाचलं की," आत्या म्हणाली. "पहिलंच वाचलं. लोक हसले बी."

म्हणजे ते हसू आम्ही ऐकलं होतं, आणि दोन वर्षं ते आपल्यालाच हसले म्हणून घरी बसलो होतो. कदाचित चुलतेही त्यालाच हसले असतील.

संध्याकाळी अण्णांना सांगितलं. ऐंशी ओलांडलीय, कानाला कमी येतं, म्हणून मोठ्याने सांगावं लागलं. ते गोधडीवर बसले होते, तीच, आता तिसऱ्यांदा अस्तर बदललेली. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "किती होते गुरुजींचे?"

"एकवीस."

"मग? फेडले का त्यांनी?"

मी पान उलटलं. पुढची तीन पानं वाळवीने खाल्लेली. तसं सांगितल्यावर अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला, आईने पाठ चोळली, पाणी दिलं. दम परत आल्यावर त्यांनी हात हलवला.

"जाऊ दे," म्हणाले.