लोणंद ते बरड: चर खणावा, ढग मोजू नयेत

नीरा ओलांडली की माउलींची पालखी सातारा जिल्ह्यात येते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड या मुक्कामांत मनाची एक खोड हमखास उघडी पडते: जे हातात नाही, तेही आपणच चालवतोय असं वाटण्याची.

मानसशास्त्रज्ञ एलेन लँगर यांनी १९७५ साली हा नियंत्रणाचा भ्रम सोडतीच्या तिकिटांवर दाखवला. तिकीट एका डॉलरचं. स्वतः निवडलेलं तिकीट परत द्यायला लोकांनी सरासरी ८.६७ डॉलर मागितले, नुसतं हातात ठेवलेलं १.९६ ला सोडलं. नंबर लागण्याची शक्यता तीच! तंबूतली जागा धरताना आम्ही वेगळं काय करतो? कोपरा आपण निवडला, म्हणजे तिथे पाणी येणार नाही असं वाटतं. पाणी उताराने येतं. म्हणून चढाच्या बाजूने चार बोटं खोल चर खणायचा, माती तंबूच्या अंगाला टाकायची आणि चराचं तोंड खालच्या अंगाला मोकळं ठेवायचं. ते बुजलं की चर तुंबतो नि पाणी थेट वळकटीखाली.

मोबाईलवर पाऊस बघणं सकाळी एकदा, बस्स. पुन्हा हात खिशाकडे गेला की टाळाच्या ठेक्यावर चार पावलं श्वास आत, सहा पावलं बाहेर, असं पाच मिनिटं. दम लागला तर मोजणी सोडावी. हट्टाने श्वास ओढला की गरगरतं. याने पाऊस थांबत नाही, घालमेल कमी होते.

‘डाव्या कडेने चाललं की फोड येत नाहीत’ असले ठोकताळे छोट्या वहीत लिहावेत. कुठल्या कडेने चाललो आणि फोड आले का, दोन्ही रोज. न जुळलेले दिवस आपण सोयीने विसरतो, तेवढ्यासाठी वही.

याच्या उलट चूक, म्हणजे हातात आहे तेही सोडून देणं, जास्त महागात पडते. ‘माउली बघतील’ म्हणून मधुमेहाची गोळी चुकवणं ही श्रद्धा नव्हे, हयगय आहे. तरडगाव ते फलटण वीसेक किलोमीटर. पाय कोरडे, मोजे बदललेले, औषध वेळेवर. काढे-चूर्णं डॉक्टरांना विचारूनच. तेच ते पुन्हापुन्हा तपासून बघण्याची सक्ती घरीही सुटत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञ गाठावा.

बाकी निघायची वेळ आपल्याला ठरवायचीच नसते. कर्णा तीनदा वाजतो. तिसऱ्याला पालखी हलते, तुमची चूळ भरून झालेली असो वा नसो.